दर दोन तासांनी

धमनीतल्या नळीतून दीड मिली रक्त घेते,
बुडबुडा झटकते,
आणि कॉरिडॉरच्या टोकाच्या यंत्राला पाजते.
ते मिनिटभर गुरगुरतं,
मग वाण्याच्या पावतीएवढा कागद बाहेर टाकतं.

रात्रीचे दहा. ९.४.

टोर्सहाव्नला डिसेंबरात दिवस तीनलाच मिटतो,
म्हणजे ही रात्र केव्हाची जुनी झालेली.
तीन नंबरच्या खाटेवर ट्रोन्दुर, वय एकसष्ट.
कॉडचा गळ पोटरीत रुतला होता, भर समुद्रात.
त्यानं तो पक्कडीनं उपटला, वर फडकं बांधलं
आणि आणखी चार दिवस दोर ओढला.
आता पोटरी कापून उघडी ठेवली आहे,
रक्तदाब औषधाच्या काठीवर रेलून उभा.

लॅक्टेट. दुग्धाम्लाच्या घरातलं.
नावात दूध, पण पाजणारं कुणी नाही.
पेशींपर्यंत श्वास पोचेनासा झाला
की त्या दारं लावून ओल्या लाकडावर चूल पेटवतात;
रक्तात जमतो तो हा धूर.
(धूर दुसऱ्याही कारणांनी होतो.
रात्री दहाला ती कारणं कुणी मोजत बसत नाही.)

डॉक्टर हानुस म्हणाला,
"एक आकडा म्हणजे खिडकीतून दिसलेला माणूस.
तो येतोय की जातोय
हे दुसऱ्यांदा पाहिल्याशिवाय कळत नाही."

रान्नवा, त्याची मुलगी, खुर्चीत ताठ बसून.
"लॅक्टेट मला माहितीय," ती म्हणाली.
"आम्ही शर्यतीची होडी वल्हवायचो,
काठाला लागलं की प्रशिक्षक कानाच्या पाळीला सुई टोचायचा.
माझा चौदा यायचा. बाबांचा तर नऊच आहे."

मी हो म्हणायला तोंड उघडलं.
नाही म्हणायला पुन्हा उघडलं.
"तू वल्हं खाली ठेवायचीस," शेवटी म्हटलं,
"मग तो उतरायचा.
हे पडल्या जागी वल्हवतायत, रान्नवा.
आणि थांबा म्हटलेलं यांना ऐकू जात नाही."

बारा वाजता १०.१.
तिनं विचारलं नाही. मी कागद मुठीत चुरगळला होता,
तिनं मूठ वाचली.

औषधं ठेवायच्या खोलीत भिंतीवर एक आलेख आहे.
त्याच्या रेषेत हजारो माणसं आहेत,
बारीक होऊन, एकामागे एक.
रेष म्हणते, आकडा इतका असेल आणि उतरत नसेल,
तर शंभरातले इतके जण.
जण म्हणते. ट्रोन्दुर म्हणत नाही.

गेल्या वर्षी याच खाटेवर
सान्दॉयची एक म्हातारी होती, २.०,
पहाटे मान वळवून गेली.
क्लाक्सविकचा एक पोरगा १५ घेऊन आला
आणि ईस्टरला स्वतःच्या पायांनी जिना चढून
आमच्यासाठी केक घेऊन आला, मधोमध चेपलेला.
रेषेत हे दोघंही आहेत.
रेषेचं काही चुकलं नव्हतं.

दोन वाजता ९.८.
उतरला म्हणावं तर उतरला,
पण यंत्राचा हातही तेवढा हलतोच.
सलाइन, पुन्हा सलाइन. लघवीच्या पिशवीत
चहाचा तळ दिसावा इतकंच.

चारला ८.१.
रान्नवा डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती.
प्रार्थना असेल म्हणून मी दबकत गेले.
ती मोजत होती.
व्हेंटिलेटरचा प्रत्येक श्वास, एकेक वल्हं;
दहावर थांबायची आणि दबक्या आवाजात
"परत", असं म्हणायची.
तर ती वल्ह्यावर नाही, शेवटी सुकाणूवर बसायची.

सहाला ६.६.
हानुसनं कागद दिव्याखाली धरला.
"हं," म्हणाला, आणि दुसऱ्या खाटेकडे गेला.

या वेळी मी मूठ उघडली.
खिशातला रात्री दहाचा कागदही काढला,
घामानं अर्धा पुसलेला,
आणि दोन्ही तिच्या मांडीवर ठेवले.
ती कधी हा वर ठेवून पाही, कधी तो.
"म्हणजे येतायत?"
"आठला पुन्हा बघतील," मी म्हटलं.

साडेसातला माझी पाळी संपली.
बाहेर अजून काळोखच होता, वारा आडवा,
आणि बंदरात कुणीतरी होडीतलं पाणी
डब्यानं उपसत होतं.